बेब रूथ : एका चाहत्याचा अभ्यास

वीरपूजा ही माणसाची फार जुनी खोड आहे. आपण देवांची चरित्रे गातो, राजांचे पोवाडे म्हणतो आणि खेळाडूंची छायाचित्रे वहीच्या वेष्टनावर चिकटवतो. या तिन्हींतील भक्तीची जात एकच. शिक्षणाने ही खोड जावी असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्याला कोणाचेच कौतुक वाटत नाही अशा विद्यार्थ्याला काही शिकवणे फार अवघड जाते, हा अध्यापनातील माझा दीर्घ अनुभव आहे. कौतुक अवश्य करावे. मात्र त्याला अभ्यासाची जोड कशी द्यावी, एवढेच शिकण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात हा विचार मी माझ्या आवडत्या खेळाडूच्या, अमेरिकेतील बेसबॉलपटू बेब रूथच्या, उदाहरणाने मांडणार आहे.

रूथ १९४८ साली वारला. माझा जन्म त्यानंतरचा. त्याचे नाव मी प्रथम वाचले ते एप्रिल १९७४ मध्ये, शाळेत असताना. हँक आरन नावाच्या खेळाडूने बेब रूथचा ७१४ होमरनांचा विक्रम मोडल्याची चार ओळींची बातमी वर्तमानपत्रात आली होती. आरन कोण, रूथ कोण आणि होमरन म्हणजे काय, यांपैकी काहीच मला ठाऊक नव्हते. परंतु एका माणसाने उभारलेला आकडा त्याच्या निवृत्तीनंतर एकोणचाळीस वर्षे कोणाला ओलांडता आला नाही, ही गोष्ट मनात रुतून बसली. पुढे संख्याशास्त्र हा माझा विषय झाला आणि रूथचे आकडे मी हौसेने तपासू लागलो. म्हणजे माझी ही भक्ती सर्वस्वी कागदावरची. मैदानावरील जल्लोषाचा तिला स्पर्श नाही. कदाचित म्हणूनच ती आजवर टिकली असावी.

खेळाची तोंडओळख

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. दोन संघ, प्रत्येकी नऊ खेळाडू, आणि नऊ डाव. प्रत्येक डावात दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपते. मैदानाचा आतला भाग शंकरपाळ्याच्या आकाराचा असून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार तळ असतात. लगतच्या दोन तळांमध्ये ९० फुटांचे अंतर. गोलंदाजाला तेथे पिचर म्हणतात. तो ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टप्पा न पाडता फेकतो. फलंदाज, म्हणजे बॅटर, दंडुक्यासारख्या गोल बॅटने तो टोलवतो. चेंडू टोलवून, एकेक तळ गाठत, फेरी पुरी करून मूळ जागी परतला की एक धाव. चेंडू हद्दीच्या रेषांच्या आतून थेट कुंपणापलीकडे गेला तर तो होमरन. मग बॅटर आणि तळांवर उभे असलेले त्याचे साथीदार निर्धास्तपणे फेरी पूर्ण करतात. एका फटक्यात चारपर्यंत धावा मिळू शकतात.

होमरन म्हणजे आपला षटकारच, असे यावरून वाटेल. पण एक मोठा फरक आहे. क्रिकेटमध्ये जम बसलेला फलंदाज दिवसभर खेळू शकतो. बेसबॉलमध्ये एका खेळाडूची पाळी सामन्यात साधारण चार-पाच वेळाच येते. चेंडू तीनदा हुकला की बाद, आणि टोलवलेला चेंडू झेलला गेला तरी बाद. दहा पाळ्यांपैकी तीन पाळ्यांत नीट फटका मारून तळावर पोचणारा खेळाडू तेथे उत्तम गणला जातो. अपयश हाच या खेळाचा नित्यनियम. रूथने ७१४ होमरन मारले, तसाच तो १,३३० वेळा तीनदा चेंडू हुकवून बाद झाला. हाही त्या काळचा विक्रमच होता. हे दोन आकडे नेहमी शेजारी शेजारी लिहावेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

बाल्टिमोरचा हूड मुलगा

जॉर्ज हर्मन रूथ याचा जन्म ६ फेब्रुवारी १८९५ रोजी मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात झाला. बापाचा दारूचा गुत्ता होता. मुलगा रस्त्यावर वाढत होता आणि कोणाच्या आवाक्यात राहत नव्हता, म्हणून १९०२ साली, वयाच्या सातव्या वर्षी, त्याला सेंट मेरीज या औद्योगिक शाळेत घातले गेले. कॅथलिक धर्मबंधू चालवीत असलेली ही शाळा अनाथ आणि हूड मुलांसाठी होती. तेथे तो सदरे शिवायला शिकला, आणि ब्रदर मथायस नावाच्या धिप्पाड धर्मबंधूंकडून बेसबॉल शिकला. आयुष्यभर रूथने एवढ्या एका माणसाला गुरू मानले.

१९१४ साली बाल्टिमोरच्या संघाचा मालक जॅक डन याने त्याला संघात घेतले. त्यासाठी डनला त्याचे पालकत्व स्वीकारावे लागले. संघातील जुने खेळाडू या पोरसवदा भिडूला डनचे ‘बेब’, म्हणजे बाळ, म्हणू लागले आणि ते नाव जन्माचे चिकटले. त्याच वर्षी जुलैमध्ये तो बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाकडे गेला.

तेथे त्याने नाव मिळवले ते पिचर म्हणून, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९१६ साली त्याने २३ सामने जिंकून दिले आणि त्यांपैकी नऊ सामन्यांत प्रतिपक्षाला एकही धाव करू दिली नाही. १९१६ आणि १९१८ च्या अंतिम विश्वमालिकांत मिळून त्याने सलग २९ डाव आणि वर दोन गडी एवढ्या काळात प्रतिपक्षाला एकही धाव दिली नाही. हा विक्रम १९६१ पर्यंत अबाधित राहिला. त्याने बॅट हाती घेतली नसती तरीसुद्धा खेळाच्या इतिहासात त्याला जागा मिळाली असती.

१९२० साल

१९१९ च्या डिसेंबरअखेर बॉस्टनचा मालक हॅरी फ्रेझी याने रूथला न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला एक लाख डॉलरांना विकले; वर फ्रेझीला मोठे कर्जही मिळाले. ज्या बॉस्टनने १९१५, १९१६ आणि १९१८ साली विश्वमालिका जिंकली होती, त्या संघाला पुढची विश्वमालिका जिंकायला २००४ साल उजाडावे लागले. लोकांनी याला शाप म्हटले. शापावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु एका व्यवहाराची आठवण जवळजवळ पंचाऐंशी वर्षे पुसली जात नाही, यावरून त्या माणसाचे माप कळते.

रूथच्या आधी होमरन हे या खेळाचे मुख्य शस्त्र नव्हते. चेंडू हळुवार टोलवायचा, चपळाईने तळ गाठायचा, पुढचा तळ चोरायचा, असा तो बुद्धिबळासारखा खेळ होता. एका हंगामात २७ होमरन हा विक्रम १८८४ पासून चालत आला होता. रूथने १९१९ मध्ये २९ होमरन मारून तो मोडला. न्यूयॉर्कला गेल्यावर १९२० मध्ये त्याने मारले ५४. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये दुसरा क्रमांक सेंट लुईसच्या जॉर्ज सिस्लरचा होता. त्याचे होमरन होते १९. लीगमधील इतर सात संघांपैकी एकाही संघाची एकूण बेरीज ५४ पर्यंत पोचली नाही. १९२१ मध्ये ५९ आणि १९२७ मध्ये ६० हे पुढचे आकडे. १९२७ साली सबंध अमेरिकन लीगमध्ये ४३९ होमरन मारले गेले. म्हणजे आठ संघांच्या शेकड्यावर खेळाडूंत या एकट्याचा वाटा जवळजवळ सातव्या हिश्श्याचा होता.

संख्याशास्त्रात सरासरीपासून फार दूर पडलेल्या निरीक्षणाकडे आपण प्रथम संशयाने पाहतो. नोंद करताना कोठे गफलत झाली असेल असे धरून चालतो. रूथचे १९२० साल हे असे निरीक्षण आहे, आणि नोंद मात्र बिनचूक आहे. क्रिकेटमध्ये याला जोड शोधायची तर डॉन ब्रॅडमनची ९९.९४ ची सरासरी घ्यावी लागेल. हे दोघे १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये भेटलेही होते. दुखापतीमुळे रूथ त्या दिवशी खेळत नव्हता. दोघांनी प्रेक्षकांत बसून सामना पाहिला.

पहिली वजाबाकी : परिस्थितीची

नायकाचा अभ्यास करताना मी वजाबाकीची पद्धत वापरतो. त्याच्या नावावर जमा असलेल्या गोष्टींतून ज्या त्याच्या नव्हेत त्या एकेक काढून टाकाव्यात आणि बाकी काय राहते ते पाहावे.

पहिली वजाबाकी परिस्थितीची. १९२० च्या हंगामापूर्वी चेंडूला थुंकी लावून फेकण्याच्या प्रकारावर बंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दगावला. त्यानंतर मळलेले चेंडू तातडीने बदलण्याची रीत पडली आणि बॅटरला चेंडू स्वच्छ दिसू लागला. या बदलांनी होमरन वाढले हे खरे. परंतु हे सर्व बदल सर्वांसाठीच होते. सिस्लरलाही तोच स्वच्छ चेंडू मिळत होता. शिवाय २९ होमरनांचा विक्रम रूथने या बदलांआधीच केला होता.

दुसरा आक्षेप मैदानाचा. रूथ डावखुरा होता आणि यँकीजच्या मैदानावर उजवीकडचे कुंपण जवळ होते. १८ एप्रिल १९२३ रोजी उघडलेल्या यँकी स्टेडियमला ‘रूथने बांधलेले घर’ म्हणत. पण ते रूथसाठी बांधलेले घर होते, असे टीकाकार म्हणतात. याचे उत्तर नोंदवहीतच आहे. त्याच्या ७१४ होमरनांपैकी स्वतःच्या संघाच्या मैदानांवर ३४७ आणि परक्या मैदानांवर ३६७. १९२७ च्या साठांपैकी घरी २८ आणि बाहेर ३२. कुंपणाचा आक्षेप येथेच संपतो.

मग या यशाचे कारण काय? तो चाळीस औंसांहून जड, म्हणजे किलोभराहून अधिक वजनाची बॅट वापरी, ती अगदी टोकाला धरी आणि सर्वांग वळवून, चेंडूखालून वर उचलणारा फटका मारी. पूर्वीचे बॅटर चेंडू हुकेल या भीतीने बॅट मध्यावर धरून जपून टोलवीत. रूथने हुकण्याची भीती सोडली. १९२१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत त्याची दृष्टी, श्रवण आणि हातांची चपळाई तपासली गेली, तेव्हा ती सामान्य माणसापेक्षा सरस आढळली. तरीही माझ्या मते खरे कारण भीतीच्या अभावात आहे. १,३३० वेळा हुकण्याची ज्याची तयारी होती, त्यालाच ७१४ वेळा कुंपण ओलांडता आले.

दुसरी वजाबाकी : दंतकथांची

थोर माणसाभोवती दंतकथांचे शेवाळ साचते. रूथ अनाथ होता, असे कितीतरी ठिकाणी लिहिलेले आढळते. तो अनाथ नव्हता. शाळेत घातले तेव्हा त्याचे आईबाप दोघेही हयात होते. त्याची जन्मतारीखसुद्धा त्याला स्वतःला कित्येक वर्षे वेगळीच ठाऊक होती. १९३४ मध्ये जपानच्या दौऱ्यासाठी पारपत्र काढताना तो समजत होता त्याहून एका वर्षाने लहान निघाला.

जॉनी सिल्व्हेस्टर या अकरा वर्षांच्या आजारी मुलाची गोष्ट अशीच प्रसिद्ध आहे. १९२६ च्या विश्वमालिकेच्या वेळी रूथने त्याच्यासाठी सहीचा चेंडू आणि होमरन मारण्याचे आश्वासन पाठवले. ६ ऑक्टोबरच्या सामन्यात त्याने एक सोडून तीन होमरन मारले आणि मुलगा बरा झाला. मरणाच्या दारातून होमरनने पोर परत आणले, हा वर्तमानपत्री थाट वगळू या. एवढे खरे उरते की मालिका हरल्यानंतर दुसऱ्याच दिवशी रूथ त्या मुलाच्या घरी जाऊन त्याला भेटला. मला विचाराल तर तीन होमरनांपेक्षा ही भेट मोठी आहे.

सर्वांत गाजलेली दंतकथा १ ऑक्टोबर १९३२ ची. शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानावर विश्वमालिकेचा तिसरा सामना चालू होता. पाचव्या डावात ४-४ अशी बरोबरी. मार्क कोएनिग हा रूथचा जुना सहकारी तेव्हा शिकागोकडून खेळत होता. बक्षिसाच्या रकमेत त्याला अर्धाच वाटा देण्याचे त्या संघाने ठरवले होते आणि त्यावरून दोन्ही संघांत शिव्यांची देवघेव चालली होती. दोन चेंडू झाल्यावर रूथने हात उंचावून काही खूण केली आणि लवकरच चार्ली रूटचा एक चेंडू मध्यभागाच्या कुंपणापलीकडे भिरकावला. आपण चेंडू कोठे मारणार हे त्याने आधी बोटाने दाखवले, असे एक पक्ष म्हणतो. तो शिकागोच्या खेळाडूंकडे हात करून अजून एक चेंडू बाकी आहे असे सांगत होता, असे दुसरा पक्ष म्हणतो. रूटने कुंपणाकडे बोट दाखवल्याची गोष्ट जन्मभर नाकारली. एका हौशी प्रेक्षकाने घेतलेले चलच्चित्र अनेक दशकांनंतर पुढे आले; त्यात हात उंचावलेला दिसतो, पण वाद मिटत नाही.

ही दंतकथा वगळल्याने रूथचे काय जाते? काहीच नाही. सात हजार वेळा पाळी घेऊन दमलेला, अडतिसाव्या वर्षात असलेला माणूस शिव्यांच्या वर्षावात उभा राहतो आणि बरोबरीत असलेल्या सामन्यात चेंडू प्रेक्षकांत धाडतो. एवढे सत्य पुरेसे आहे. बोटाची गरज नाही.

तिसरी वजाबाकी : दोषांची

आता माणसाकडे वळू. रूथ खादाड होता, बेशिस्त होता, रात्री उशिरापर्यंत भटकणारा होता. १९२५ च्या एप्रिलमध्ये तो आजारी पडून कोसळला आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिस्तभंगाबद्दल संघाचे व्यवस्थापक मिलर हगिन्स यांनी त्याला निलंबित करून ५,००० डॉलरांचा दंड ठोठावला. हगिन्स चणीने रूथच्या खांद्यालाही लागत नसत. पण रूथला वाकावे लागले. १९२६ च्या विश्वमालिकेचा अखेरचा सामना यँकीज एका धावेने हरले, आणि त्यातला अखेरचा गडी होता दुसरा तळ चोरायला निघालेला रूथ. तीन होमरनांची मालिका आणि हा वेडा धाडसी डाव, दोन्ही एकाच माणसाचे आणि एकाच आठवड्यातले.

संघाचे व्यवस्थापक व्हावे ही त्याची शेवटची इच्छा होती. ती कधीच पुरी झाली नाही. जो स्वतःला आवरू शकत नाही तो संघाला काय आवरणार, असे मालकांचे मत. १९३५ साली तो बॉस्टनच्या दुसऱ्या संघातून खेळला. २५ मे रोजी पिट्सबर्ग येथे त्याने एकाच सामन्यात तीन होमरन मारले. त्यांतला तिसरा उजवीकडच्या प्रेक्षागाराच्या छपरावरून मैदानाबाहेर गेला. तो ७१४ वा, आणि अखेरचा. आठवडाभरातच त्याचा खेळ संपला.

हे दोष मी झाकत नाही आणि त्यांना गुणही म्हणत नाही. नायकाच्या दोषांचे अनुकरण करणे सोपे असते, म्हणून तरुण चाहत्यांनी ते वेगळे काढून ओळखायला शिकले पाहिजे. रूथप्रमाणे खाणारे पुष्कळ होते. रूथप्रमाणे खेळणारा एकच होता.

चौथी वजाबाकी : जे त्याच्यासमोर आलेच नाहीत

सर्वांत कठीण वजाबाकी ही. रूथच्या सबंध कारकिर्दीत मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना मज्जाव होता. असा लेखी नियम नव्हता. मालकांचा अलिखित करार होता. जॅकी रॉबिन्सनने १५ एप्रिल १९४७ रोजी तो मोडला, तेव्हा रूथला निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती. काळ्या खेळाडूंच्या लीग निराळ्या होत्या. सॅचेल पेजसारखा पिचर आणि जॉश गिब्सनसारखा बॅटर तेथे खेळत होते. हंगामाबाहेरच्या प्रदर्शनीय सामन्यांत रूथ काळ्या खेळाडूंविरुद्ध खेळला; लीगमध्ये कधीच नाही. गिब्सनला लोक ‘काळा बेब रूथ’ म्हणत. रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीनच महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये, तो पस्तिसाव्या वर्षी वारला.

मे २०२४ मध्ये मोठ्या लीगच्या अधिकृत नोंदींत काळ्या खेळाडूंच्या लीगमधील आकडे समाविष्ट झाले. फटक्यांच्या ताकदीचे माप म्हणून जो निर्देशांक वापरतात त्यात रूथ ०.६९० या आकड्याने कित्येक दशके पहिला होता. आता गिब्सन ०.७१८ ने पहिला आहे. त्यांचे हंगाम लहान असत, त्यामुळे तुलना सरळ नाही, असे म्हणता येते आणि ते खरेही आहे. पण हंगाम लहान का होते आणि तुलनेला पुरेशी सामग्री का नाही, हा प्रश्न त्यापाठोपाठ विचारावाच लागतो. सामग्रीतील पोकळी हीसुद्धा एक माहिती असते. रूथ आपल्यासमोर आलेल्या सर्वांपेक्षा श्रेष्ठ ठरला; पण जे श्रेष्ठ ठरू शकले असते त्यांतील काहींना त्याच्यासमोर येऊच दिले नाही. त्याचे कौतुक करणाऱ्याने हे वाक्यही पाठ करावे.

चाहत्यांचे पाप

येथपर्यंत नायकाची परीक्षा झाली. आता चाहत्यांची. १९६१ साली यँकीजचाच रॉजर मॅरिस साठ होमरनांच्या विक्रमाजवळ पोचला. रूथच्या काळी हंगाम १५४ सामन्यांचा होता, तो तेव्हा १६२ चा झाला होता. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केले की १५४ सामन्यांत विक्रम मोडला नाही तर त्याची नोंद वेगळी होईल. हेच फ्रिक तरुणपणी वार्ताहर असताना रूथच्या नावाने छापले जाणारे लेख लिहून देत असत! मॅरिसने १ ऑक्टोबरला, शेवटच्या सामन्यात, ६१ वा होमरन मारला. मैदानात प्रेक्षक होते तेवीस हजारांच्या आसपास आणि निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या. हंगामभर टीकेच्या ताणाने त्या सरळ माणसाचे केस गळू लागले होते. नोंदीतला भेद १९९१ मध्ये काढून टाकण्यात आला. मॅरिस १९८५ मध्येच वारला होता.

हँक आरनचे याहून वाईट झाले. १९७३ च्या हंगामाअखेर तो ७१३ वर थांबला होता. तो काळा होता. त्या हिवाळ्यात त्याला द्वेषाची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत राहिली. रूथच्या पत्नीने या द्वेषाचा जाहीर निषेध केला. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात आरनने ७१५ वा होमरन मारला. पुढे तो ७५५ पर्यंत गेला. शाळेत मी वाचलेल्या त्या चार ओळींच्या बातमीत यातले काहीच नव्हते.

आरनला कमी लेखण्यासाठी एक भागाकार अजून पुढे केला जातो : रूथला दर होमरनमागे सुमारे १२ अधिकृत पाळ्या लागल्या, तर आरनला १६ हून थोड्या अधिक. भागाकार बरोबर आहे. परंतु आरन सर्व वर्णांच्या पिचरांविरुद्ध, रात्रीच्या दिव्यांखाली, देशभर विमानाने फिरत, तेवीस हंगाम खेळला, हे त्या भागाकारात कोठे बसते? आकडा खरा असूनही त्याचा उपयोग खोटा असू शकतो. आपल्या नायकाचे रक्षण करण्यासाठी दुसऱ्याचा अपमान करावा लागत असेल, तर आपण नायकाचे चाहते राहिलेलो नसून स्वतःच्या अहंकाराचे राखणदार झालेलो असतो.

विक्रम मोडल्याने जुना नायक लहान होत नाही. उलट अनेकदा नवा खेळाडू जुन्याची आठवण ताजी करतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जपानच्या शोहेई ओहतानीने एकाच हंगामात पिचर म्हणून दहा विजय आणि बॅटर म्हणून दहाहून अधिक होमरन अशी कामगिरी केली. यापूर्वी मोठ्या लीगमध्ये ती साधली होती १९१८ साली, बेब रूथने. जगभरच्या तरुणांनी तेव्हा रूथचे जुने आकडे पुन्हा उघडून पाहिले, आणि तो पिचरही होता हे अनेकांना नव्याने कळले.

बाकी

मग या सर्व वजाबाक्यांनंतर बाकी काय उरते? स्वच्छ चेंडू, जवळचे कुंपण, बोटाची खूण, अनाथपणाची कहाणी आणि अजिंक्यपणाचा दावा, हे सर्व वगळले. उरला तो एका गुत्तेदाराचा मुलगा, ज्याने खेळाची एक सबंध तऱ्हाच बदलून टाकली. १९१९ च्या विश्वमालिकेत शिकागोच्या आठ खेळाडूंवर पैसे घेऊन सामने हरल्याचा आरोप झाला होता आणि पुढे त्यांना जन्मभर खेळाबाहेर काढले गेले. लोकांचा विश्वास उडावा असाच तो काळ होता. त्या काळात लोक पुन्हा मैदानाकडे वळले, त्यात रूथचा वाटा मोठा होता. १९२० साली यँकीजच्या सामन्यांना बारा लाखांवर प्रेक्षक आले. दहा लाखांचा टप्पा तोवर कोणत्याही संघाने गाठला नव्हता. इंग्रजी भाषेत प्रचंड, अचाट अशा अर्थी ‘रूथियन’ हे विशेषण रूढ झाले.

१३ जून १९४८ रोजी, कर्करोगाने खंगलेला रूथ यँकी स्टेडियमवर अखेरचा आला. त्याचा ३ हा क्रमांक त्या दिवशी कायमचा निवृत्त झाला. बॅटचा काठीसारखा आधार घेऊन तो उभा होता. नॅट फाइन या छायाचित्रकाराने त्याचे चित्र समोरून न घेता पाठीमागून घेतले. त्यात चेहरा दिसत नाही, फक्त पाठीवरचा आकडा दिसतो. त्या छायाचित्राला पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले. दोन महिन्यांनी, १६ ऑगस्ट रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी रूथ वारला आणि त्याचे शव दर्शनासाठी त्याच मैदानात ठेवले गेले. हजारो लोक रांगेने आले.

विद्यार्थी मित्रहो, तुमचे नायक वेगळे असतील. कोणी खेळाडू असेल, कोणी गायक, कोणी लेखक, कोणी पुढारी. त्यांच्यावर मनापासून प्रेम करा. पण त्यांचे चरित्र हाती घेताना पेन्सिलही हाती घ्या. काय सिद्ध आहे आणि काय ऐकीव आहे, यांच्या खुणा समासात करा. त्यांच्या स्पर्धेत कोणाला उतरू दिले नव्हते तेही विचारा. नवा कोणी त्यांना ओलांडून गेला तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवा. आणि एवढे करूनही जो नायक उरेल, तो जन्मभर जवळ ठेवा. रूथचे आकडे तपासण्यात माझी पन्नास वर्षे गेली. आजही नवी नोंद हाती लागली की मी पुन्हा वही उघडून बसतो.